डोक्याची गोळी आणि हृदयाची चौकशी

अर्धशिशीच्या गोळ्या संपल्या म्हणून मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले होते. डोळ्यांसमोर नागमोडी, चकाकणाऱ्या रेषा तरळू लागल्या होत्या, म्हणजे ठणका सुरू व्हायला फार वेळ उरला नव्हता. दुकानात ओल्या छत्र्यांचा कुबट वास, ट्यूबलाइटचा नकोसा उजेड आणि काउंटरवर नव्यानेच कामाला लागलेला एक मुलगा. त्याने डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचली, सुमाट्रिप्टानची पट्टी खणातून काढली आणि ती माझ्या हातात ठेवण्याआधी, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "ताई, हार्टचं काही नाही ना तुम्हाला? बीपी वगैरे?" मी नाही म्हटले आणि पैसे दिले. माझ्या मागे उभे असलेले एक आजोबा मात्र पुटपुटले, "डोकं दुखतंय, आणि हा हृदयाची चौकशी करतोय."

औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. त्यामुळे त्या मुलाचा प्रश्न अगदी रास्त होता हे मला ठाऊक होते, आणि गर्दीच्या वेळीही त्याने तो विचारला याचे कौतुकच वाटले. मनात सलत राहिले ते आजोबांचे पुटपुटणे. नियम मला एका वाक्यात सांगता आला असता. पण डोक्यासाठी म्हणून मुद्दाम घडवलेल्या रेणूला हृदयाची वाट का ठाऊक असावी, हे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पटेल असे सांगायचे तर सुरुवात कुठून करावी, ते मला उमगेना. अंधाऱ्या खोलीत उशीखाली डोके घालून पडले असताना मी त्याच प्रश्नाभोवती घिरट्या घालत होते.

माझ्या लहानपणी आमच्या घरातली अर्धशिशी आईच्या मालकीची होती. ती आली की खिडक्यांवर जाड चादरी चढत, सहाणेवर सुंठ उगाळली जाई, कपाळाला पंचा आवळून बांधला जाई आणि आम्ही भावंडे चपला हातात घेऊन घरात वावरत असू. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत एर्गोटामीन आणि कॅफीन असे. तिने ठणका कमी होई, पण थंडीच्या दिवसांत आईची बोटे पांढुरकी आणि गार पडत, त्यांना मुंग्या येत, आणि ती हात एकमेकांवर चोळत बसे. राय नावाच्या धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीतून हा रेणू १९१८ साली बाझल इथल्या सँडोझमध्ये आर्थर स्टोल यांनी वेगळा केला. आपल्याकडे बाजरीवर पडणारा अर्गट याच कुळातला, मात्र त्याची विषे निराळी. मध्ययुगीन युरोपात ही बुरशी लागलेल्या धान्याची भाकरी खाऊन माणसांची बोटे काळी पडत आणि गळून जात. म्हणजे आईच्या कपाळावरची फुगलेली शीर आवळणारा तो रेणू तिच्या बोटांतल्या शिराही आवळत होता. त्याला कपाळ आणि बोट यांतला फरक कळत नव्हता.

हा फरक औषधाला शिकवता येईल का, हाच सेरोटोनिनच्या वाटेने काम करणाऱ्या औषधांचा मूळ प्रश्न आहे; आईचे एर्गोटामीन आणि माझे सुमाट्रिप्टान ही दोन्ही त्यांतलीच.

सेरोटोनिन म्हटले की हल्ली 'आनंदाचे रसायन' वगैरे बोलले जाते, आणि ते वाचले की मला उगाचच चीड येते. हा पदार्थ १९४८ साली क्लीव्हलँडमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज यांनी वेगळा केला तो रक्ताच्या द्रवातून, आणि त्यांना रस होता तो रक्तवाहिन्या आवळणाऱ्या घटकात. त्याच्याही आधी इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना तो आतड्याच्या अस्तरात सापडला होता, कारण शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यातच असते. मेंदूत तो आहे हे बेट्टी ट्वारोग यांनी १९५३ साली दाखवले, आणि मनाशी त्याचे नाते जुळले त्यात आपल्या सर्पगंधेचा हात आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांच्या नोंदींसह मांडले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले; पुढे तिच्यातून रेसर्पीन वेगळे झाले, आणि १९५५ साली बर्नार्ड ब्रोडी यांच्या गटाने दाखवले की रेसर्पीन शरीरातले सेरोटोनिनचे साठेच रिकामे करते. रक्तदाब उतरे, पण काही रुग्ण खिन्न होत. रेसर्पीनचे काम घाऊक होते; ते कुठलीच निवड करत नव्हते.

निवड करायची म्हणजे काय, हे मी एकदा माझ्या भाच्याला वाड्याच्या उदाहरणाने सांगितले होते. चौदा बिऱ्हाडांच्या वाड्यात प्रत्येक घरात एकेक अण्णा असावा आणि कुणी चौकात उभे राहून "अण्णा" अशी हाक मारावी, तर चौदाही जण डोकावतील. कुणी भांडायला येईल, कुणी मदतीला. सेरोटोनिन ही ती हाक, आणि शरीरात तिला ओ देणारे, पेशींवर बसलेले रिसेप्टर चौदा प्रकारचे. औषध घडवणाऱ्याला अशी हाक तयार करायची असते की नेमका एकच अण्णा बाहेर यावा आणि बाकीचे तेरा झोपून राहावेत. भाच्याने लगेच विचारले, "पण तोच अण्णा दुसऱ्या वाड्यातही राहत असला तर?" मी वर्षानुवर्षे ज्या नोंदी वाचते, त्यांतला निम्मा मजकूर या पोराच्या प्रश्नात मावतो.

हे रिसेप्टर पहिल्यांदा ओळखू आले ते स्नायूंच्या पट्ट्यांवर. १९५७ साली गॅडम आणि पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्यावर प्रयोग करून सेरोटोनिनचे निदान दोन प्रकारचे रिसेप्टर असल्याचे दाखवले, आणि त्याच वर्षी जॉन व्हेन यांनी उंदराच्या जठराच्या वरच्या भागाची पट्टी वापरून सेरोटोनिन मोजण्याची अतिशय संवेदनशील रीत सांगितली. फार्मसीला असताना ती पट्टी मी स्वतः बांधली आहे. रॉकेलच्या धुरकट ज्योतीवर चकचकीत कागद फिरवून काळा करायचा, तो ड्रमवर चढवायचा, काचेच्या नळीतल्या कोमट क्षारपाण्यात हवेचे बुडबुडे सोडायचे आणि जठराची फिकट पट्टी दोऱ्याने तरफेला जोडून तासभर तशीच शांत होऊ द्यायची. मग पिपेटने सेरोटोनिनचा थेंब. पहिले काही क्षण काहीच होत नसे. नंतर तरफेचे टोक काजळीवर हलकेच वर चढू लागे आणि मागे एक पांढरी, डौलदार रेघ सोडत जाई. पट्टी सैलावायलाही वेळ घेई. आतड्यासारखी ती उतावळी नव्हती. शेवटी काजळी पुसली जाऊ नये म्हणून कागद लाखेच्या द्रावणात बुडवून दोरीवर वाळत घालायचा. हाताला, केसांना आणि डब्यातल्या पोळीलाही धुराचा वास लागे. त्या उंदरांबद्दल तेव्हा फारसे वाटत नसे, आता वाटते. आजच्या विद्यार्थ्यांना हे सगळे संगणकाच्या पडद्यावर दाखवतात, आणि ते योग्यच आहे. पण औषध म्हणजे आधी एक हालचाल, आणि ती हालचाल कुठल्या मांसात झाली हे विसरायचे नसते, एवढे त्या काळ्या कागदाने मला शिकवले. जठराची ती पट्टी पुढे पुन्हा येणार आहे.

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर परगण्यात वेअर नावाचे गाव आहे. तिथल्या ग्लॅक्सोच्या प्रयोगशाळेत पॅट्रिक हम्फ्री आणि त्यांचे सहकारी १९७२पासून असल्याच पट्ट्या न्याहाळत होते. त्यांच्यापुढे दोन सुगावे होते. अर्धशिशीच्या रुग्णाला शिरेतून सेरोटोनिन दिले तर ठणका ओसरतो, हे वैद्यांनी पाहिले होते. मात्र मळमळ, धाप आणि रक्तदाबातले चढउतार यांमुळे तो उपाय कामाचा नव्हता. दुसरे म्हणजे एर्गोटामीन चालत होते, पण ते आईच्या बोटांपर्यंत पोहोचत होते. हम्फ्रींना कुत्र्याच्या मागच्या पायातल्या सॅफिनस शिरेत एक विलक्षण गोष्ट आढळली: सेरोटोनिनने ती आवळली जाई, पण तोवर माहीत असलेली सेरोटोनिनविरोधी औषधे त्या आवळण्याला अडवू शकत नव्हती. उलट मेथिसर्जाइड हे अशा विरोधी औषधांपैकीच एक मानले जाणारे औषध त्या शिरेला स्वतःच हलके आवळत असे. म्हणजे इथे कुणी निराळाच रिसेप्टर असला पाहिजे. तो डोक्याच्या रक्तवाहिन्यांत भरपूर आणि इतरत्र कमी असेल, तर हवी ती हाक सापडली.

पुढचा भाग रसायनशास्त्रज्ञांचा, आणि मला तो कुठल्याही रहस्यकथेपेक्षा अधिक गुंतवतो. सेरोटोनिनचा रेणू लहानसाच आहे: एकमेकांना चिकटलेली दोन कडी, एका बाजूला पाचव्या जागेवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, दुसऱ्या बाजूला दोन कार्बनची शेपटी आणि तिच्या टोकाला नायट्रोजन. त्यांनी पाचव्या जागेवरची जोडी काढून तिथे कार्बोक्सामाइडचा गट बसवला. सॅफिनस शीर जोरात आवळली गेली, पण जिवंत प्राण्याचा रक्तदाब कोसळला, कारण हा रेणू दुसऱ्याच एका रिसेप्टरला जाऊन इतर रक्तवाहिन्या सैल करत होता. मग गट आणि कडे यांच्यामध्ये एका कार्बनचे अंतर घातले. एवढ्याशा बदलाने रक्तदाबाचा त्रास गेला. तो रेणू माणसांना शिरेतून दिल्यावर अर्धशिशी थांबली, पण तोंडावाटे घेतला तर रक्तात पुरेसा उतरेना. अखेर १९८४ साली त्या जागी सल्फोनामाइड आला, शेपटीच्या नायट्रोजनवर दोन मिथाइल बसले, आणि सुमाट्रिप्टान तयार झाले. १९९१ साली ते पहिल्यांदा नेदरलँड्समध्ये विक्रीला आले. गिळलेल्या गोळीतला जेमतेम १४ टक्के भाग रक्तात पोहोचतो. टोचून दिले तर ६ मिलिग्रॅम पुरते. बारा वर्षांची खटपट, आणि फरक पाहिला तर दोन-चार अणूंचा.

आता आजोबांचा प्रश्न. ज्या रिसेप्टरचा माग काढत हम्फ्री गेले, त्याला आज ५-एचटी१बी म्हणतात (५-एचटी म्हणजे सेरोटोनिनच), आणि तो मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांत मुबलक असला तरी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतही थोडासा आहे. निरोगी धमनी थोडी आवळली तर कुणाला पत्ताही लागत नाही. काहींना छातीत, गळ्यात जड वाटते, मलाही वाटते, आणि ते निवते. आधीच अरुंद झालेल्या धमनीला मात्र तेवढेही भारी पडू शकते. म्हणून हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना ही गोळी देत नाहीत. माझ्या भाच्याचा दुसरा वाडा तो हाच.

गंमत अशी, की हम्फ्रींचा तर्क जितका सुरेख, तितकाच तो बहुधा अपुरा होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी दाखवले की अर्धशिशीच्या वेळी डोक्याकडून परतणाऱ्या रक्तात सीजीआरपी नावाचे प्रथिन वाढते, आणि सुमाट्रिप्टान दिल्यावर ते पुन्हा खाली येते. ते प्रथिन चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूंच्या टोकांमधून पाझरते. म्हणजे गोळीचे खरे काम शीर आवळण्याइतकेच, किंवा त्याहून अधिक, त्या टोकांना गप्प करण्याचे असावे. मग शीर न आवळता नुसते मज्जातंतूंनाच गाठता येईल का? त्या टोकांवर ५-एचटी१एफ नावाचा रिसेप्टर आहे, आणि रक्तवाहिन्या आवळण्यात त्याचा हात नाही. त्याला धरणारे लॅसमिडिटान २०१९ साली अमेरिकेत मंजूर झाले. हृदयाची वाट बंद झाली खरी. पण हा रेणू मेंदूत शिरतो, गुंगी आणि चक्कर आणतो, म्हणून घेतल्यावर आठ तास गाडी चालवायची नाही असा इशारा सोबत येतो. आता प्रश्न निराळा येईल: "ताई, गाडी घेऊन आलात का?"

सगळेच असे अवघड जात नाही. मुलाला उलट्या होऊ लागल्या की डॉक्टर ज्या ओंडानसेट्रॉनची गोळी किंवा पातळ औषध देतात, त्याची गोष्ट सरळ आहे. चौदांपैकी ५-एचटी३ हा एकटाच वेगळ्या घडणीचा, आयनांची वाट उघडणारा. बाकी तेरांशी त्याचे रचनेचे नातेच नाही. त्यामुळे त्याला एकट्याला अडवणारे औषध घडवणे तुलनेने सोपे गेले. सिस्प्लाटिनसारखी कर्करोगावरची औषधे आतड्यातून सेरोटोनिनचा लोट सोडतात आणि तो व्हेगस मज्जातंतूवरच्या याच रिसेप्टरला चेतवतो. आमच्या आत्याची केमोथेरपी ओंडानसेट्रॉन येण्यापूर्वीची. प्रत्येक खेपेनंतर दोन दिवस ती मोरीच्या उंबऱ्याशीच बसून असे, आणि तिला कर्करोगापेक्षा त्या वासाची भीती अधिक वाटे. पुढे, ओंडानसेट्रॉन आल्यावर, शेजारच्या काकू त्याच आजारासाठी त्याच केमोथेरपीचे सलाइन घेऊन संध्याकाळी भाजी निवडत बसलेल्या मी पाहिल्या, तेव्हा आनंद झाला, आणि आत्याची आठवण येऊन रागही आला. कुणावर, ते सांगता येणार नाही.

जठराच्या पट्टीकडे येते. मेथिसर्जाइड दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या पोटामागच्या भागात आणि हृदयाच्या झडपांवर तंतुमय ऊती वाढल्याचे १९६०च्या दशकातच दिसले होते. सेरोटोनिन ओतणाऱ्या कार्सिनॉइड गाठींच्या रुग्णांमध्येही हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा अशाच जाड होतात, हेही माहीत होते. तरीही या गोष्टी कुणी एका रांगेत मांडल्या नाहीत. फेनफ्लुरामीन हे भूक कमी करणारे औषध अमेरिकेत १९७३ साली आले, १९९०च्या दशकात फेंटरमीन या तशाच दुसऱ्या औषधासोबत ते प्रचंड खपले, आणि १९९७ साली मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी हे जोडऔषध घेणाऱ्या २४ स्त्रियांच्या झडपा बिघडल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सप्टेंबरात फेनफ्लुरामीन बाजारातून गेले. २०००च्या सुमारास ब्रायन रॉथ आणि इतरांनी कारण शोधले: यकृतात फेनफ्लुरामीनपासून तयार होणारे नॉरफेनफ्लुरामीन ५-एचटी२बी या रिसेप्टरला जोरदार चेतवते, आणि तो झडपेतल्या पेशींवर असतो. या २बीची जनुकीय ओळख पटली होती १९९२ साली, उंदराच्या जठराच्या वरच्या भागातून. व्हेन यांच्या पट्टीतला, काजळीवर माझी पांढरी रेघ चढवणारा, तो हाच. हे मी नोकरीला लागल्यावर वाचले आणि पुढचा मजकूर डोळ्यांत शिरेना. सबंध जगातल्या फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी ज्याच्या तालावर तरफ हलवली, तो रिसेप्टर हृदयाच्या झडपेत बसून होता, आणि जठर नि झडप यांची गाठ घालण्याचे कुणाला सुचले नव्हते.

तेव्हापासून सेरोटोनिनशी दुरूनही संबंध असलेला कुठलाही नवा रेणू आधी २बीवर तपासला जातो. घडवणाऱ्यांच्या बोलण्यात हल्ली 'लक्ष्य' हा शब्द फार येतो, पण त्यांचा बहुतेक वेळ जातो तो कुठे लागू नये हे पाहण्यात. साधनेही बदलली आहेत. २०१३ साली १बी आणि २बी या दोघांच्याही त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाल्या, आणि दोन्ही खोबणींत बसलेला रेणू होता आईच्या गोळीतला एर्गोटामीन. २०१७ साली २बीमध्ये बसलेल्या एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या रेणूचे चित्र आले: रिसेप्टरचाच एक पदर झाकणासारखा त्याच्यावर येऊन बसतो, म्हणून तो लवकर निघत नाही आणि अंमल इतका लांबतो. २०२२ साली एका गटाने साडेसात कोटी काल्पनिक रेणू संगणकात ५-एचटी२ए या रिसेप्टरच्या खोबणीत बसवून पाहिले, त्यांतले मोजके प्रत्यक्ष तयार केले, आणि सुधारत सुधारत अशा दोन रेणूंपर्यंत पोहोचले की जे उंदरांमध्ये नैराश्यविरोधी औषधांसारखा परिणाम दाखवतात, पण भ्रम निर्माण करत नाहीत. उंदराला भ्रम होतो की नाही हे कसे कळते? तो मान झटकतो का, ते मोजतात. साडेसात कोटींची गणिते करून शेवटी पुन्हा एका प्राण्याच्या मानेकडे पाहत बसावे लागते, हे वाचून मला हसू आले, आणि कुठेतरी बरेही वाटले.

फेनफ्लुरामीन मात्र संपले नाही. ड्रावे सिंड्रोम हा बालपणीच सुरू होणारा, नेहमीच्या औषधांना सहसा दाद न देणारा अपस्मार. त्यातले झटके या औषधाने लक्षणीयरीत्या कमी होतात असे दिसले आणि २०२० साली अमेरिकेने त्याला पुन्हा परवानगी दिली. दिवसाला जास्तीत जास्त २६ मिलिग्रॅम. वजन कमी करायला लोक याहून बरेच अधिक घेत. परवानगीपूर्वीच्या चाचण्यांत मुलांच्या झडपा बिघडलेल्या आढळल्या नाहीत. तरी सुरू करण्यापूर्वी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चालू असताना दर सहा महिन्यांनी इको आणि बंद केल्यावरही एकदा. दिवसातून अनेकदा झटके येणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी हा करार का स्वीकारावा हे मला पूर्ण कळते, आणि तरीही औषधाचे नाव वाचले की पोटात गोळा येतो. अशाच दुर्धर अपस्मारांसाठी आता बेक्सिकॅसेरिनच्या चाचण्या चालू आहेत. ते २सी या शेजारच्या रिसेप्टरला धरते आणि २बीला शिवत नाही, असे त्याच्या निर्मात्यांचे म्हणणे आहे. त्याची माहिती वाचताना २सीवर ते किती प्रभावी आहे हे पाहण्याआधी मी २बीबद्दल काय लिहिले आहे ते पाहिले. तिथे काही हालचाल नाही. तरी या मुलांचे इको काढत राहावेत असेच मी म्हणेन, कारण १९७३ साली फेनफ्लुरामीनच्या तक्त्यात २बीचा आकडा चुकलेला नव्हता. तो रकानाच नव्हता.